आलोच

या, असे जवळ या. मागं दारापाशी कोण उभं आहे? आत या की. माणसं जरा चिकटून बसली की जागा आपोआप होते. आज तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट भुताची आहे, पण घाबरायचं कारण नाही. हे भूत कुणाच्या मानगुटीवर बसत नाही, कुणाला झपाटत नाही. ते आपलं चपला घालून, चार माणसांसारखं, समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर फिरायला येतं. तेही दिवसाउजेडी. आणि ते येतं एकाच शब्दापायी: "आलोच."

या शब्दाची गंमत बघा. आतून हाक येते, माणूस अजून खुर्चीतून उठलेलाही नसतो, चष्मा सापडत नसतो, आणि म्हणतो काय, तर "आलोच". म्हणजे येऊन झालं! इतकं धडधडीत खोटं आपण दिवसातून कितीदा बोलतो आणि समोरचा ते खरं धरून निश्चिंत होतो. देव आपल्या लेकरांचं बोलणं मनावर घेत नाही म्हणून बरं. पण एखाद्यानं स्वतःच ते मनावर घेतलं तर? आपण दिलेल्या शब्दाशी तो बांधला गेला तर? ऐका.

एक बेट होतं. त्याच्या मावळतीच्या अंगाला पाण्याला लागून एक रस्ता होता. गाड्यांना बंदी, पायी माणसांना मोकळा. चढ नाही, उतार नाही, ठेचकाळायला खडा नाही. नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसालाही डॉक्टर म्हणत, "तिथं जाऊन या हो, ते काय चालणं आहे!" एका बाजूला भिंतीला टेकून बाकं, दुसऱ्या बाजूला कमरेएवढा लोखंडी कठडा, आणि कठड्यापलीकडं कोमट समुद्र. त्या बेटावर सगळंच कोमट. वारा कोमट, नळाचं पाणी कोमट, माणसांचा रागसुद्धा कोमट. रस्ता गल्लीच्या तोंडाशी सुरू होई आणि दीपगृहाच्या पायरीशी संपे. वाटेत मधे एक दगडी बाक होतं.

गल्लीत, वरच्या मजल्यावर, टीपकाकू राहत. खिडकीशी शिवणयंत्र. उसवलेलं शिवणं, सैल झालेलं मापात आणणं, काज करणं, बटणं लावणं, हा त्यांचा उद्योग. खाऱ्या हवेत सुया गंजतात म्हणून त्या सुया तेलाच्या फडक्यात खोचून ठेवत. आणि त्यांची टीप अशी सरळ पडे, की नाव मागे पडलं आणि सगळं बेट त्यांना टीपकाकूच म्हणू लागलं.

त्यांचे यजमान रंगारी. त्या समुद्राकाठच्या कठड्याला रंग देणं हीच त्यांची जन्मभराची नोकरी. या टोकाकडून रंगवत निघायचं. त्या टोकाला पोचेपर्यंत या टोकाला गंज चढलेला असे. "माझी नोकरी गोल आहे," रंगारीकाका सांगत, "हिला बढती कुठून मिळणार?" नोकरी संपली, पण सवय संपली नाही. रोज उन्हं कलली की दोघं फिरायला निघत, आणि काका खिशातून घराची किल्ली काढून एकेका खांबावर हलकेच वाजवत. लोखंड आतून धड असलं की टण्ण वाजे. आतून खाल्लेलं असलं की थप्. मग वरचा रंग कितीही चकचकीत असो.

आता बघा, काकू चालायच्या त्यासुद्धा टिपेसारख्या, सरळ, एका दमात. आणि काकांचं चालणं म्हणजे काज, एका जागी फिरून फिरून. दगडी बाक येईपर्यंत दोघांत भलं मोठं अंतर पडलेलं असे. मग काकू मागे न बघता मोठ्यानं हाक मारत, "अहो, येताय ना? का खांबांशी लग्न लागलंय?"

मागून उत्तर येई, "पुढं हो गं. आलोच."

रोज हाच प्रश्न, रोज हेच उत्तर. गाणाऱ्यानं ओळ म्हणावी आणि मागच्यानं झील ओढावी, तसा त्यांचा संसार चालला होता. बाकी कडवी बदलली, धृपद तेच.

आणि मग एका संध्याकाळी काकूंनी हाक मारली, मागून "आलोच" आलं, आणि काका आले नाहीत. काकू दीपगृहाच्या पायरीवर बसून राहिल्या. वाट पाहून पाहून त्यांना राग आला. आपल्याला इथं बसवून हे कुठं तरी गप्पा छाटत असतील! त्या तशाच उठल्या आणि काठाचा रस्ता सोडून बाजारातल्या रस्त्यानं, दोऱ्याची रिळं घेत घेत घरी परतल्या. दार मुद्दाम नुसतं लोटून ठेवलं. येतील आपले आपण.

जिन्यावर पावलं वाजली, पण ती शेजाऱ्यांची होती. काका दगडी बाकावर भिंतीला खांदा टेकून बसलेले सापडले होते. मुठीत किल्ली. डोळे उघडे, रस्त्याकडं लागलेले. लोक सांगत होते आणि काकू दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "नाही हो, मागेच आहेत. आलोच म्हणाले."

काकांना तिथूनच परस्पर नेलं. घरी आली ती फक्त किल्ली.

त्यानंतर कित्येक दिवस काकू घराबाहेर पडल्या नाहीत. पुढं एकदा थोरल्या नणंदबाईंनीच त्यांना बाहेर काढलं. या वन्सं म्हणजे काकांची मोठी बहीण. त्या पहिल्यापासून भावाच्याच घरी राहत होत्या. गुडघे कामातून गेलेले, एका कानानं ठार बहिऱ्या, दुसऱ्यानं सोयीपुरत्या. पण जीभ शाबूत.

"जा गं बाई, जरा हवा खाऊन ये," त्या म्हणाल्या. "दिवसभर ते यंत्र खडखडतंय, माझा बरा कानसुद्धा जायचा."

काकू निघाल्या. किल्ली मुठीत. रस्ता होता तसाच. बाबागाड्या, हातात हात घालून चाललेली जोडपी, बाकावर वर्तमानपत्र धरून झोपलेले म्हातारे, भाजलेले दाणे विकणारा त्याच्या पेटाऱ्यामागं पाय पसरून बसलेला. दगडी बाक आलं. काकूंनी मान वळवून समुद्राकडं पाहिलं, बाकाकडं नाही. आणि इतक्या वर्षांची जीभ, तिला कोण आवरणार? बाक मागं पडताच ती आपली आपणच बोलून गेली, "अहो, येताय ना?"

मागून आवाज आला. टण्ण.

काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. किल्ली त्यांच्याच मुठीत होती, घामानं ओली. तरी आवाज त्याच किल्लीचा. इतकी वर्षं ऐकलेला आवाज कान विसरतो होय? थोडं अंतर गेलं आणि पुन्हा, टण्ण. मग चपलेचं फरफटणं. मग थप्. मग पुन्हा टण्ण.

त्या गर्रकन वळल्या. मागं एक बाई बाबागाडी ढकलत येत होती, बाकी कुणी नाही. त्या दिवशी पुढं काही वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली, पण मागं पाहिलं नाही. आणि तो आवाज दीपगृहापर्यंत त्यांच्या मागून आला, परतीलाही मागून आला. गल्लीचं तोंड आलं तिथं थांबला. गल्लीत कठडा नव्हता ना. वाजवायला काही नाही, तर यायचं कसं?

मग ते रोजचंच झालं. काकू दाणेवाल्यासमोरून जात, तर तो जरा वेळानं, त्या पुढं गेल्यावर, पसरलेले पाय पोटाशी ओढून घेई. कुणासाठी? त्यालाच विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकदा बाबागाडीतलं पोर काकूंच्या मागं बघत बघत हसलं आणि त्याची मान हळूहळू वळत गेली, कुणी समोरून चालत जावं तशी. काकूंना आधी भीती वाटली. मग भीतीचं वाट पाहणं झालं. दुपारपासून त्यांचं घड्याळाकडं लक्ष लागे. संध्याकाळी घरी परतल्या की दार नुसतं लोटून ठेवत.

"डास येतात गं," वन्सं करवादत.

"येऊ देत."

"डासांना येऊ देत म्हणणारी पहिलीच बाई पाहिली!"

असे दिवस जात होते, आणि मग कठडा काढायला माणसं आली.

सुरुवात दीपगृहाकडून झाली. दोऱ्या बांधल्या, पाट्या लावल्या, कटर लावून खांब बुडाशी कापले. काकूंनी मुकादमाला गाठलं. तो टोपीनं वारा घेत सावलीत उभा होता.

"काय चालवलंय हे?"

"नवा कठडा, काकू. सिमेंटचा. गंजाचं नाव नको. हे बघा ना, सगळं आतून पोखरलंय. कुणी टेकलं तर थेट मासळीच्या घरी जायचं."

"आणि तो वाजतो का?"

"कोण?"

"सिमेंटचा कठडा. किल्ली मारली तर वाजतो का?"

मुकादमानं काकूंकडं जरा निरखून पाहिलं. मग मायेनं म्हणाला, "काकू, कठडा आहे तो. पेटी-तबला नाही."

रोज थोडा थोडा कठडा कापत माणसं बाकाकडं सरकत होती. आज इथवर, उद्या तिथवर. लोखंड संपलं की हे कशावर वाजवणार? कुठून येणार? गल्लीत येता येत नाही ते एवढ्याचसाठी. मग तर सगळा रस्ताच गल्लीसारखा मुका होणार. एकदा बाकावर एकटं टाकून आपण बाजारानं घरी गेलो, आता दुसऱ्यांदा टाकणार? या विचारात त्यांची सरळ टीप वाकडी पडली. गिऱ्हाइकानं काही न बोलता कपडा घेतला, तेच काकूंना जास्त लागलं.

शेवटी त्यांनी वन्संना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. वन्सं भाजी निवडत होत्या. हसतील असं काकूंना वाटलं होतं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"मला ने."

"तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघते. तू नुसती धर मला."

त्या संध्याकाळी दोघी निघाल्या. एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर. दर चार पावलांवर वन्सं थांबत आणि त्या बाकांना, फरशीला, वाऱ्याला नावं ठेवत. दाण्यांच्या पुडीवरून दाणेवाल्याशीही हुज्जत घालून झाली. दगडी बाक आलं. तिथं मात्र त्यांनी बाकाच्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. बाकाच्या थोडं पुढं दोरी बांधलेली होती. तिच्यापलीकडं कठडा नव्हता, नुसते बुंधे उरले होते.

काकूंनी हाक मारली, "अहो, येताय ना?"

मागून आलं ते थप्. बऱ्याच वेळानं पुन्हा, थप्.

काकूंनी वन्संकडं पाहिलं. या बाईला दाराची घंटा ऐकू येत नाही, शेजारचं भांडण ऐकू येत नाही. हे कुठून ऐकू येणार! पण वन्सं बरा कान मागं करून, डोळे मिटून उभ्या होत्या. गालावरून पाणी ओघळत होतं.

"ठोक्या," त्या पुटपुटल्या. काकांचं लहानपणीचं टोपणनाव ते. दिसेल त्यावर वाजवत सुटणारं पोर, म्हणून ठोक्या.

"ऐकू आलं ना?" काकूंना आनंद आवरेना. "बघा, मी म्हणत होते! पण हल्ली थप् फार वाजतं. खांब पोखरलेत ना सगळे."

"खांबांचा आवाज नाही तो," वन्सं म्हणाल्या. "हाताचा आहे. अगं, दमलाय तो."

"काही तरीच!"

"काही तरीच कसं? मी पाठची बहीण नाही, आधीची आहे. हा पोरगा तापानं फणफणलेला असला आणि आईनं स्वयंपाकघरातून दुसऱ्याच कुणाला हाक मारली, तरी अंथरुणातून 'आलोच' म्हणून उठायचा. भिंत धरत धरत यायचा. हाक मारली की याला बसवतच नसे. नाही म्हणणं जमलंच नाही कधी." वन्संनी पदरानं डोळे पुसले. "आणि तू रोज त्याला हाक मारतेस."

काकूंनी त्यांचा हात खांद्यावरून काढला नाही, एवढंच. घरी आल्या, यंत्रावर बसल्या आणि चालवत सुटल्या. बऱ्याच वेळानं वन्संनी जवळ येऊन पाहिलं, तर सुईत दोराच नव्हता.

"येतात ते माझ्यासाठी येतात," काकू यंत्राकडं बघतच म्हणाल्या.

"तुझ्यासाठीच येतो. मी कुठं नाही म्हणते?"

"मग?"

वन्संनी काकूंच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्या निघाल्या. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आज हाक मारायची नाही. बाक आलं, बाक मागं पडलं. दात आवळले. हाक नाही. समुद्र पायाशी चुबुक चुबुक करत होता. सूर्य अजून हातभर वर होता आणि सगळी फरशी तापून केशरी दिसत होती. लोक येत होते, जात होते. आणि काकूंना कळलं, की मागं कुणी तरी उभं आहे.

वाजत नव्हतं काही. चपलेचा आवाजही नव्हता. नुसतं उभं. तुम्हाला माहीत आहे, आपण पाठमोरे असलो आणि घरातलं माणूस दारात येऊन उभं राहिलं, की न बघता कळतं. तसं. ते हाकेची वाट बघत होतं. हाक आली नाही म्हणून जाऊन बसणाऱ्यांतलं ते माणूसच नव्हतं. "आलोच" म्हणून शब्द दिला होता, तो पुरा झाला नव्हता. आज हाक मारली नाही तर उद्यापर्यंत उभं राहील. कठडा गेला तरी उभं राहील. सिमेंट येईल, पिढ्या येतील, लोक आरपार जातील, हे आपलं उभंच.

काकूंच्या मनात आलं, यांना कुणी सोडवायचं? आणि देवानंच सुचवावं तसं त्यांना सुचलं. आजवर इतक्या संध्याकाळी त्या पुढं होत्या आणि हे मागं. एकदाही उलटं झालं नव्हतं.

त्या थांबल्या. वळल्या नाहीत. दाणेवाला पाय ओढून घेई, तशा त्या अंग चोरून भिंतीकडं सरकल्या, कठड्याकडची बाजू मोकळी सोडली. ओठ कोरडे पडले होते. आवाज निघाला तो रोजच्या हाकेपेक्षा पुष्कळ हळू होता.

"अहो, तुम्ही पुढं व्हा."

काही हललं नाही.

"माझं अजून थोडं काम आहे. गिऱ्हाइकांचे कपडे पडलेत. वन्सं आहेत." त्यांनी शब्द मोडू दिला नाही. "तुम्ही पुढं व्हा. मी आलेच."

चपला फरफटल्या. काकूंच्या अगदी दंडाजवळून ऊन हवेचा एक झोत गेला, आणि त्याला टर्पेंटाइनचा वास होता. धुतलेल्या सदऱ्यातूनही न जाणारा तो वास. त्यांनी हात पुढं केला नाही. मुठीतली किल्ली घट्ट आवळली.

आणि पुढं वाजलं. टण्ण.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आवाज त्यांच्या पुढं होता. पुन्हा टण्ण. मग तो दोरीपाशी पोचला. आता संपलं, असं काकूंना वाटलं. तिथून पुढं कठडाच नव्हता, नुसते कापलेले बुंधे. पण जिथं काहीच नव्हतं तिथंही वाजलं. टण्ण. अंतर तेच, जिथं जिथं खांब होता तिथं तिथं. एकही थप् नाही. सगळे खांब आतून धड, आजच रंगवल्यासारखे. आवाज दीपगृहाकडं लहान लहान होत गेला. कामावरच्या माणसांनी कटर बंद केला आणि सगळे एकाच वेळी मान वर करून समुद्राकडं बघू लागले. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

दीपगृहाची पायरी आली असेल तिथं तो आवाज थांबला नाही. पुढं पाण्यावर गेला. मग ऐकू येईनासा झाला.

काकू घरी आल्या. वन्सं दाराकडंच बघत बसल्या होत्या. काकूंनी आत येऊन दार पूर्ण लावलं आणि किल्ली फिरवली. वन्संना तो खटका ऐकू आला की दिसला, कोण जाणे.

"बरं झालं," वन्सं म्हणाल्या, "आता डास तरी येणार नाहीत." आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. काकू त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मग त्यांना आठवलं, वाकडी टीप पडलेला तो कपडा गिऱ्हाइकाकडून परत मागवायला हवा.

झाली गोष्ट. उठा आता, पण जाता जाता एवढं करा. कधी पाण्याकाठी फिरायला गेलात, आपल्यातलं कुणी मागं रेंगाळलं आणि म्हणालं, "पुढं हो, आलोच," तर पाऊल जरा थांबवा. कठडा असेल तर त्यावर एकदा हलकेच वाजवा. आणि कुणाच्याही हाकेला नाही न म्हणता आलेल्या त्या रंगाऱ्याची तेवढी आठवण काढा.